मानवाधिकार आयोग कोणाला तुरुंगात टाकत नाही

शनिवार पेठेतल्या एका काकूंनी पोलिसांविरुद्धचा अर्ज दाखवला. शेवटची ओळ होती, ‘आयोगाने यांना शिक्षा द्यावी.’ हा समज फार जुना आहे. आयोग न्यायालय नाही आणि गाडीवर ‘मानवाधिकार’ अशी पाटी लावून फिरणारी खासगी संघटनाही नाही. १९९३च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा दिला. चौकशीत साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. निष्कर्ष मात्र शिफारस म्हणूनच जातो: भरपाई द्या, खटला भरा. सरकारने एक महिन्यात उत्तर द्यायचे असते. गरज पडल्यास आयोग उच्च न्यायालयात जाऊ शकतो. काकूंना मी तारीख आधी तपासायला सांगितली, कारण घटनेला वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही.