सागरी सस्तन प्राणी : दीर्घ उपवास व मेदऊतक

सील, देवमासे अशा सागरी सस्तन प्राण्यांच्या त्वचेखालील चरबीच्या जाड थराला, म्हणजे चरबी साठवणाऱ्या मेदऊतकाच्या थराला, ब्लबर म्हणतात. तो थंड पाण्यात ऊब राखतो, अंगाला तरंगायला मदत करतो आणि उपवासात शिदोरी म्हणून कामी येतो. वीण, पिलांना पाजणे किंवा केस गाळणे या काळात यांतील अनेक जाती आठवडेच्या आठवडे काही खात नाहीत.

पंढरपूरच्या एकादशीचा उपवास एका दिवसाचा. माणसाच्या यकृतातील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा जेमतेम तेवढ्यालाच पुरतो. उपवास पुढे लांबला की चरबीबरोबर स्नायूंनाही झळ लागते. काही सीलचा उपवास मात्र महिनोन् महिन्यांचा, आणि बहुतांशी निर्जळी.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील उत्तरी एलिफंट सीलचा. याचे पिलू जन्मतः ३५ ते ४० किग्रॅ. असते आणि सुमारे चार आठवडे दूध पिऊन १३० किग्रॅ.च्या आसपास पोहोचते. आपल्याकडे पंढरपुरी म्हशीच्या दुधाला सात-आठ टक्के फॅट लागली तरी डेअरीत समाधान असते. या मादीच्या दुधात ती शेवटी शेवटी ५० टक्क्यांवर जाते, तेही तिने स्वतः घासभर न खाता. मग आई अचानक समुद्रात निघून जाते. पिलू दोन-अडीच महिने किनाऱ्यावर उपाशी राहते आणि वजनाचा सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा गमावते. विणीच्या हंगामातील मोठे नर तीन-तीन महिने काही खात नाहीत.

यात कौतुक साठ्याचे कमी, खर्चाच्या शिस्तीचे जास्त. पिलाच्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा चरबीचा असतो, त्यामुळे स्नायूंतील प्रथिने वाचतात. चरबी जळताना पाणीही तयार होते, दर ग्रॅममागे एक ग्रॅमहून किंचित जास्त. ब्लबरचा आतला, स्नायूंलगतचा भाग आधी झिजतो. त्वचेलगतचा भाग त्या मानाने टिकून राहतो.

उपवास लांबतो तसे रक्तातील इन्सुलीन घटते आणि मेदऊतक त्याला फारसे जुमानत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक वाढते. चरबी फोडण्यावरचा इन्सुलिनचा लगाम सैल झाल्याने मेदपेशी ट्रायग्लिसराइडे (साठवलेली चरबी) फोडून त्यांतील वसाम्ले इंधन म्हणून रक्तात सोडत राहतात. रक्तशर्करा तरीही चढीच असते. असा रिपोर्ट घेऊन सोलापुरातला माणूस दवाखान्यात गेला, तर डॉक्टर लगेच मधुमेहाची विचारपूस करतील. सीलला मात्र त्याचा अपाय होताना दिसत नाही, म्हणून मधुमेहाच्या संशोधकांनाही या प्राण्यात रस आहे.

चरबीत साठते ते सगळेच पोषक नसते. डीडीटी हे कीटकनाशक, पीसीबी ही औद्योगिक रसायने यांसारखी चरबीत विरघळणारी प्रदूषके वर्षानुवर्षे ब्लबरमध्ये मुरतात. उपवासात चरबी वितळू लागली की ती रक्तात येतात आणि पाजणाऱ्या मादीच्या दुधावाटे पिलाच्या अंगात उतरतात.