लाल घागरा नवरीचाच कशावरून?

चिनी भरतकामाचा लाल रेशमी घागरा लिलावात आला की चिठ्ठी ठरलेली: ‘वधूवस्त्र, छिंग काळ, १९वं शतक’. काळ बहुधा बरोबर असतो. वधूचं मात्र तपासायला हवं.

छिंग राजवटीत (१६४४–१९११) हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजातली, नवरी लाल अंगरखा, मामिएन घागरा (पुढे-मागे सपाट पट्टा, बाजूंना चुण्या), वर झालरीचा बिनबाह्यांचा शियापेई आणि डोक्यावर फिनिक्सचा मुकुट घालायची. त्याआधीच्या मिंग राजवटीत शियापेई म्हणजे खांद्यांवरून सोडलेल्या दोन लांब पट्ट्या. पुढे त्याचं रुंद जाकीट झालं. त्यावर छातीशी अधिकाऱ्याचा दर्जा दाखवणारा भरतकामाचा चौकोन. नवरा साधा माणूस असला, तरी लग्नाच्या दिवसापुरता हा मान नवरीला रूढीने मिळे. हे कपडे भाड्यानेही आणले जात.

घाग्र्याचं गणित वेगळं. नववर्ष, वाढदिवस, कुठलाही सण असो, घरची थोरली बायको लाल घागराच काढी. दुय्यम बायकांना तो रंग सहसा मिळत नसे, विधवेला तर नाहीच. आपल्याकडच्या शब्दांत, सवाष्णीचा रंग. मग एकेका घाग्र्याला ‘लग्नाचा’ म्हणायचं कशाच्या आधारावर? भरतकाम पाहून ते ठरत नाही. पुढच्या-मागच्या सपाट पट्ट्यांच्या खालच्या भागातच ते दाट असतं; वरचा भाग अंगरख्याखाली झाकला जाई म्हणून कोरा, आणि त्याच्यावर सुती नेफा. सणाचा घागराही असाच शिवलेला. जांभळा किंवा राणी रंग भडक असेल, तर १८७०च्या आसपास चीनमध्ये येऊ लागलेल्या रासायनिक रंगांचा संशय घ्यावा, म्हणजे निदान काळ तरी आवळता येतो.

राजवट कोसळल्यावर पेकिंगच्या बाजारात जुन्या पेट्या रिकाम्या झाल्या. परदेशी गिऱ्हाइकांसाठी बाह्यांच्या पट्ट्या उसवून चौकटीत बसवल्या गेल्या, अंगरख्यांच्या उश्या झाल्या. कपड्याबरोबर तो कुणाचा ही माहिती क्वचितच आली. ‘नवरीचा’ म्हटलं की भाव चढतो, हे व्यापाऱ्यांचं ठीक आहे. संग्रहालयांनीही तीच चिठ्ठी पुढे चालवावी, हे पटत नाही.

ग्वांगडोंग-हाँगकाँगकडच्या नवरीचा ‘क्वा’ निराळा: आधी काळा अंगरखा नि लाल घागरा, नंतर दोन्ही लाल, आणि सोन्या-रुप्याच्या धाग्यांखाली लाल जितकं कमी दिसेल तितका महाग.

२०२२मध्ये एका फ्रेंच कंपनीच्या स्कर्टवरून पॅरिसमध्ये चिनी विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. हा आमचा मामिएन आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर चीनमध्ये त्याची लाट आली. मुली तो शर्टावर, ऑफिसलाही घालतात, काळा, निळा, हवा त्या रंगाचा.