मध्य प्रदेशचं मंत्रिमंडळ: इंदूर-ग्वाल्हेरचा जुना हिशोब

मंत्रिमंडळाचा विस्तार जाहीर झाला की इंदुरातल्या मराठी घरांतही पहिला प्रश्न एकच असतो: आपल्याकडे किती आले? बाहेरच्या माणसाला यात नुसती हाव दिसेल. पण या प्रश्नाची मुळं 1948 मध्ये आहेत.

त्या वर्षी 28 मे रोजी मध्य भारत हे राज्य उभं राहिलं. त्यात 25 संस्थानं विलीन झाली होती, तरी खरा तोल सांभाळायचा होता तो शिंदे आणि होळकर या दोघांचा. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे राज्याचे प्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानीचा वाद मिटेना, म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असा तोडगा निघाला. दप्तरं, कारकून, मंत्री सगळेच मुक्काम हलवत. विधानसभा ग्वाल्हेरच्या मोतीमहालात भरत असे. पहिले मुख्यमंत्री लीलाधर जोशी. त्यांच्यानंतर 1956 पर्यंत गोपीकृष्ण विजयवर्गीय, तख्तमल जैन, इंदूरचे मिश्रीलाल गंगवाल आणि पुन्हा तख्तमल जैन असा क्रम लागला. आठ वर्षांत पाच कारकिर्दी! प्रत्येक फेरबदलात आपल्या बाजूला काय पडलं हे मोजायची सवय दोन्ही शहरांना तेव्हाच लागली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल (जुन्या मध्य प्रदेशाचा हिंदी भाग) यांचा मिळून नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपुरात बसून जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार हाकणारे रविशंकर शुक्ल भोपाळला आले, नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोन महिन्यांतच वारले. राजधानी भोपाळला गेली तशी इतर शहरांची समजूत काढावी लागली. उच्च न्यायालय जबलपूरला, त्याची खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला. महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. मंत्रिपदांची वाटणीही याच धोरणाने होत आली आहे. माळवा, ग्वाल्हेर-चंबळ, बुंदेलखंड, विंध्य, महाकोशल असे भाग, आणि त्यांच्या आत पुन्हा जातींची गणितं.

एक अट मात्र थेट राज्यघटनेतली आहे. अनुच्छेद 164 नुसार मध्य प्रदेशात आदिवासी कल्याणाचं खातं सांभाळणारा मंत्री असावाच लागतो. आज ही अट छत्तीसगड, झारखंड आणि ओडिशालाही आहे, महाराष्ट्राला नाही. धार, झाबुआ, अलिराजपूर हे आदिवासीबहुल जिल्हे इंदूरच्या किती जवळ आहेत हे पाहिलं की तिचं मोल कळतं.

1967 मध्ये हा तोल पहिल्यांदा मोठ्या आवाजात कोसळला. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे 36 आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचं सरकार पडलं आणि गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. मंत्रिपदाच्या आशेने आमदार पक्ष सोडतात, हे देशभर दिसू लागलं ते याच सुमारास. पुढे 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर बांधली. छत्तीसगड वेगळं झाल्यावर मध्य प्रदेश विधानसभेत 230 जागा उरल्या होत्या. त्यांचे 15 टक्के म्हणजे साडेचौतीस.

ही मर्यादा असतानाही 2020 मध्ये जे घडलं ते मला आजही बोचतं. मार्चमध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, त्यांच्याच पक्षाचं कमलनाथ सरकार गेलं. शिवराजसिंह चौहान यांनी 23 मार्चला शपथ घेतली आणि करोनाच्या टाळेबंदीत जवळजवळ महिनाभर एकट्याने सरकार चालवलं. आरोग्यमंत्रीच नव्हता, आणि इंदूर तेव्हा साथीने होरपळत होतं. जुलैच्या विस्तारानंतर मुख्यमंत्र्यांसह 34 जणांच्या मंत्रिमंडळात 14 जण राजीनामे दिल्यामुळे आमदारच नव्हते. आमदार नसलेल्याला मंत्री म्हणून सहाच महिने मिळतात. त्यामुळे त्यांच्यातले, एप्रिलमध्येच मंत्री झालेले इंदूरजवळच्या सांवेरचे तुलसी सिलावट यांना ऑक्टोबरमध्ये राजीनामा द्यावा लागला. पोटनिवडणूक जिंकून जानेवारी 2021 मध्ये ते परत मंत्री झाले. ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या डबऱ्याच्या मंत्री इमरती देवी मात्र पोटनिवडणूक हरल्या.

डिसेंबर 2023 ची रचनाही जुन्याच रेषांवरची. मुख्यमंत्री मोहन यादव माळव्यातल्या उज्जैनचे, उपमुख्यमंत्री जगदीश देवडा माळव्यातल्याच मंदसौर जिल्ह्यातले, दुसरे उपमुख्यमंत्री राजेंद्र शुक्ल विंध्यातल्या रीव्याचे, आणि विधानसभाध्यक्षपद ग्वाल्हेर-चंबळच्या नरेंद्रसिंह तोमर यांना. इंदूरमधून कैलाश विजयवर्गीय आणि सिलावट मंत्री झाले. 2024 मध्ये जिल्ह्यांचे प्रभारी, म्हणजे पालकमंत्री ठरले, तेव्हा ग्वाल्हेर सिलावटांकडे गेलं आणि इंदूर मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं.