शेवटपावतर म्हंजे कवापावतर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापसाच्या हंगामात रविवारची उपासना दिवे लागल्यावर होते, कारण दिवसभर बाया वेचणीला असतात. अशाच एका संध्याकाळी पास्टरांनी ‘शेवटपर्यंत टिकून राहा’ हा विषय घेतला होता. उपदेश संपला, प्रार्थना झाली, आणि चटईवर बसलेल्या आजीनं विचारलं, “पास्टरसाहेब, शेवटपावतर म्हंजे कवापावतर? माह्या मरणापावतर, का हे मंडळी हाये तवापावतर?” लोक हसले. पण या प्रश्नावर थोरामोठ्यांची डोकी शिणली आहेत.

ज्या पत्रातलं ‘धाव संपवली, विश्वास राखला’ हे वाक्य आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला तोंडपाठ असतं, ते ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं परंपरेनुसार रोमच्या तुरुंगातून आपला तरुण सहकारी तिमथ्य याला लिहिलं. त्याच पत्रात तो सांगतो की देमास हा सोबती मला सोडून गेला. आणि पुढं विनवतो, की येताना त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकंही आण, हिवाळ्याआधी ये. टिकण्याची गोष्ट करणाऱ्या माणसाला थंडी वाजत होती, हे प्रवचनात सहसा येत नाही. त्यानंतर सुमारे इ.स. १५५ मध्ये स्मुर्णाचा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) म्हातारा बिशप पॉलिकार्प याला ख्रिस्ताला नाकार म्हणून दटावलं, तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं की ८६ वर्षं मी त्याची चाकरी केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही. त्याला जाळण्यात आलं.

वाद पुढं सुरू झाला. विश्वासात टिकणं हे माणसाचं कर्तृत्व की देवाचं देणं? उत्तर आफ्रिकेतला बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टिन यानं आयुष्याच्या अखेरीस, ४२८-२९ च्या सुमारास लिहिलं की हे देणंच आहे, आणि जिवंत असेपर्यंत ते आपल्याला मिळालं असं कुणीच छातीठोक म्हणू नये. ४३० साली तो वारला तेव्हा त्याच्या हिप्पो शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला होता. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ वेगळे झाले, त्या धर्मसुधारणेनंतर सुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या परिषदेत ठरवलं की देवानं निवडलेला माणूस विश्वासातून कायमचा गळणार नाही. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला हे पटलं नाही. खरा विश्वासणाराही घसरू शकतो, असं त्यानं १७५१ साली लेखी मांडलं.

आता गंमत पाहा. हे दोन्ही पक्ष विदर्भात आले, आणि शेजारीशेजारी राहिले. १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले; ते कॅल्विनच्या वळणाचे प्रेस्बिटेरियन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यवतमाळकडे अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशननं काम धरलं. ते वेस्लीच्या वळणाचे. वऱ्हाडात अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन हे आणखी एक अमेरिकन मिशन. म्हणजे नागपूरच्या माणसाला शिकवण अशी की देव तुला सोडणार नाही, आणि यवतमाळच्या माणसाला अशी की तू देवाला सोडू नको, सांभाळून राहा. मराठीत मात्र दोघांकडे शब्द एकच: टिकणे. पिकाचा, विहिरीच्या पाण्याचा, घरातल्या धान्याचाही हाच शब्द. त्यामुळे खेड्यातल्या माणसानं त्याचा अर्थ पुस्तकातून कमी आणि माणसांकडे पाहून जास्त लावला, असं मला वाटतं.

हिस्लॉप यांच्याकडे पाहावं. शाळा, उपदेश, गोंड लोकांची माहिती, जीवाश्म, सगळ्यात त्यांचा हात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय ४५. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून त्यांचं नाव चालवतं आहे. टिकणं म्हणजे काम पूर्ण होणं नव्हे, हे इथंच कळतं. त्यांची आदिवासींबद्दलची टिपणं इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली छापली.

पुढं १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. अनाथ पोरं मिशनच्या आवारात वाढली. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं राहिलं. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन हे औषध हाताशी आलं १९४० च्या दशकात. तोपर्यंत रोग बरा करणारं खात्रीचं औषधच नव्हतं, तेव्हा सेवा म्हणजे रोज उठून त्याच जखमा धुणं, पट्ट्या उकळून वाळत घालणं. निकाल दिसण्याची आशा नसताना. ‘शेवटपर्यंत’ हा शब्द कुणाला समजला असेल तर त्या पट्ट्या धुणाऱ्यांना, आणि त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

स्वातंत्र्यानंतर कसोटी बदलली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. खेड्यातल्या दलित ख्रिस्ती घरात पोराच्या दाखल्यावर काय लिहायचं, हा प्रश्न मग उपदेशाच्या वर बसतो. टिकण्याला इथं रोख किंमत पडते. परदेशी मिशनरी हळूहळू परतले. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पास्टर घडवणारं विद्यालय, १९८३ मध्ये पुण्याला हलली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि इतर काही एकाच मंडळीत आले. फ्री मेथडिस्ट आणि अलायन्स वेगळेच राहिले. खेड्यात मात्र एक पास्टर आणि तीन-चार गावं, मोटारसायकलचं पेट्रोल ज्याचं त्यानं, हे चित्र दोन्हीकडे सापडतं.

त्या संध्याकाळी पास्टरांनी आजीला ऑगस्टिन सांगितला नाही. म्हणाले, “आजी, पुढच्या रविवारी मी दुसऱ्या गावाले आहो. चर्चची किल्ली तुमच्यापाशी ठेवा, दिवा तुम्हीच लावा.” आजीनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि विचारलं, “अन् लाइटाचं बिल कोन भरन?”