खिशातला हॉटस्पॉट आणि टॉवरचा हुकूम

गणपती जवळ आले की कोकणात निघालेल्या चाकरमान्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गावात फोनला रेंज नाही, म्हणून यंदा डोंगल घेतोय." सुट्टी संपली तरी चार दिवस तिथूनच काम करायचा बेत असतो, आणि दुकानदारही सांगतो की फोनपेक्षा डोंगलची रेंज जास्त. हा समज चुकीचा आहे. डोंगल म्हणजे खिशात मावणारा ४जी हॉटस्पॉट काय आणि तुमचा फोन काय, टॉवरकडे लहरी पाठवायची दोघांची कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॅटच असते. ती मानकातच ठरवून दिलेली आहे. तरीही हे यंत्र अनेकांच्या उपयोगी पडतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते समजायला फोन आणि टॉवर यांच्यात सतत चाललेली एक देवाणघेवाण पाहावी लागते. मोबाइल तंत्रज्ञानातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच.

टॉवरच्या अँटेनाला वीस-चाळीस वॅट शक्ती मिळते, फोनकडे असतो जेमतेम ०.२ वॅट. पडद्यावरच्या काड्या फक्त टॉवरचं आपल्याला किती ऐकू येतं ते दाखवतात. आपलं टॉवरला किती ऐकू जातं, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच मीटिंगमध्ये सगळ्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण आपण बोलायला लागलो की पलीकडून "तुमचा आवाज तुटतोय" येतं. किती काड्यांना किती सिग्नल म्हणायचं, हेही प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते.

आता ती देवाणघेवाण. स्वतः किती शक्तीने बोलतोय हे टॉवर सतत जाहीर करत असतो. त्यातलं किती आपल्यापर्यंत पोहोचलं ते फोन मोजतो. वजाबाकी केली की वाटेतली गळती कळते, आणि तिची भरपाई होईल एवढ्या शक्तीने फोन पहिली हाक मारतो. पुढचं काम टॉवरचं. आलेला सिग्नल तपासून तो फोनला अवघ्या दोन बिटांचा हुकूम धाडतो: एक डेसिबल (शक्तीतला फरक सांगायचं माप) कमी कर, आहे तसंच ठेव, एक वाढव किंवा तीन वाढव. ३जीमध्ये असे हुकूम सेकंदाला १५०० वेळा सुटायचे. ४जीमध्ये एकेक मिलिसेकंदाचे तुकडे पाडून काम चालतं आणि हुकूम गरजेप्रमाणे येतात. टॉवरखाली उभा असलेला ४जी फोन २०० मिलिवॅटवरून पार ०.०००१ मिलिवॅटपर्यंत उतरू शकतो, म्हणजे वीस लाखांमधल्या एका भागापर्यंत. हे सगळं आपल्या खिशात, आपल्या नकळत चाललेलं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी? भरल्या सभागृहात व्यासपीठाजवळचा माणूस ओरडू लागला तर मागच्या रांगेतल्याचा प्रश्न वक्त्याला ऐकू येणार नाही. जवळच्याने हळू बोलावं, लांबच्याने जोरात. ३जीमध्ये सगळे फोन एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलत, त्यामुळे ही शिस्त मोडली की टॉवरच बहिरा व्हायचा. ४जीत एका टॉवरच्या फोनांना वेगवेगळ्या जागा मिळतात, पण शेजारचा टॉवर तोच पट्टा वापरतो, म्हणून शिस्त कायम आहे.

फोन पूर्ण शक्तीने बोलू लागला की त्यातला ॲम्प्लिफायर, म्हणजे लहरींची शक्ती वाढवणारा भाग, बॅटरीतून घेतलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत घालवतो. याच कारणाने ४जी ठरवताना टॉवरकडून येणाऱ्या लहरींवर माहिती चढवायला ओएफडीएमए नावाची पद्धत घेतली, आणि फोनकडून जाणाऱ्यांसाठी मुद्दाम एससी-एफडीएमए. पहिल्या पद्धतीत लहरींची शिखरं सरासरीच्या फार वर जातात. ती न कापता वाढवायची तर ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेच्या बराच खाली चालवावा लागतो आणि वीज वाया जाते. टॉवरला ते परवडतं, फोनला नाही.

ही साखळी समजली की फोनला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' स्टिकरांचं काय करायचं ते आपोआप कळतं. २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाने फोनचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप म्हणून एक वस्तू सादर केली होती. शास्त्रज्ञांनी तिचा पुरावा मागितला होता. असल्या चिपने लहरी खरोखरच अडवल्या, तर टॉवरला आपला फोन क्षीण ऐकू येईल आणि हुकूम सुटेल: वाढव. फोन आणखी जोरात बोलेल, आणखी तापेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अशा कवचांबद्दल नेमका हाच इशारा दिला आहे. विज्ञानाच्या नावावर शेण विकणं थांबलंच पाहिजे.

आता घरात या. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने गेलं की सिग्नलचा आकडा डीबीएम या मापात दिसतो; तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. समजा जांभ्याच्या जाड, पावसाने भिजलेल्या भिंतींआड माजघरात तो उणे ११५ आहे आणि पडवीच्या खिडकीत उणे ९७. फरक १८ डेसिबलचा. दर १० डेसिबलला दहापट या हिशोबाने ही त्रेसष्टपट तफावत झाली, आणि ती दोन्ही दिशांना लागू पडते. हॉटस्पॉटचा खरा फायदा इथे आहे: तो खिडकीत ठेवता येतो आणि तुम्ही आत बसू शकता. भिंत ओलांडायचं काम चार-पाच मीटरच्या वायफायवर सोपवायचं, तेवढ्या अंतरात ते सहज जमतं. हातातला फोन हेच करू गेला तर दोन्ही ओझी त्याच्यावर पडतात, कारण हॉटस्पॉट झालेल्या फोनला सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे' अशी वायफायवर हाळी द्यावी लागते. नेहमीसारख्या डुलक्या काढता येत नाहीत.

घरात जुना ४जी फोन पडून असेल तर आधी तोच खिडकीत ठेवून पाहा. यंत्र घ्यायचंच ठरलं तर बॅटरीच्या आकड्याआधी बँड, म्हणजे यंत्र लहरींचे कोणते पट्टे पकडतं ते, विचारा. बीएसएनएलचं नवं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही, म्हणजे बँड २८ वर चालतं. तो बँड नसलेल्या यंत्राला त्या टॉवरचा पत्ताही लागणार नाही. ५जी यंत्र असेल तर ते स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी घेतं का ते पाहा, जिओचं जाळं त्या प्रकारचं आहे. शिवाय एकाच कंपनीच्या सिमला बांधलेलं यंत्र घेऊ नका. घाटापलीकडे कोणाचा टॉवर चालेल ते तिथे गेल्यावरच कळतं.

अंगणातही सिग्नल नसेल तर मात्र डोंगल काही करू शकत नाही. मग लोक बाजारातल्या स्वस्त बूस्टरकडे वळतात. परवानगीशिवाय तो बसवणं भारतात बेकायदा आहे, आणि त्यामागचं कारण पक्कं आहे. टॉवरचा हुकूम फोन ऐकतो, बूस्टर ऐकत नाही. तो फोनच्या आवाजाबरोबर स्वतःचा गोंगाटही वाढवून टॉवरवर ओततो. त्या गोंगाटातून ऐकू यावं म्हणून टॉवर परिसरातल्या प्रत्येक फोनला शक्ती वाढवायला सांगतो, आणि जे आधीच २०० मिलिवॅटवर पोहोचलेले असतात त्यांचा संपर्क तुटतो.