नियुए बेटावरून पदवीसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि दोन वाटा

नियुए हे दक्षिण पॅसिफिकमधलं २६० चौरस किलोमीटरचं एकच बेट. वस्ती सतराशेच्या आसपास, गावं १४, माध्यमिक शाळा एक. १९ ऑक्टोबर १९७४ पासून कारभार स्वतःचा, पण न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचं नातं असल्यामुळे इथले लोक न्यूझीलंडचे नागरिक. उच्च शिक्षणाचा अर्ज भरताना फी किती, कर्ज मिळणार का, व्हिसा लागणार का, हे सगळं या नागरिकत्वावरच ठरतं.

बेटाचं स्वतःचं सरकारी विद्यापीठ नाही. पण युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक, म्हणजे यूएसपी, हे १९६८ साली सुरू झालेलं विद्यापीठ १२ देश-प्रदेशांच्या मालकीचं आहे आणि नियुए त्यातला एक भागीदार. मुख्य आवार फिजीत सुव्याला, कायद्याचं शिक्षण वानुआतूत, शेतीचं सामोआत, आणि नियुएसाठी आलोफी या राजधानीच्या गावात एक छोटं केंद्र. आपल्याकडे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र तालुक्याला असतं, साधारण तसंच.

दूरशिक्षण इथे कालपरवाचं नाही. १९७० च्या दशकात नासाच्या एटीएस-१ या उपग्रहावरून यूएसपी आवाजी तास घेत असे. पुढे स्वतःचं उपग्रह-जाळं आलं आणि आता मनातुआ ही समुद्राखालची केबल बेटापर्यंत पोचली आहे. अभ्यास मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर चालतो.

पहिली वाट : घरी राहून यूएसपी

थेट पदवीला प्रवेश हवा तर तेरावी इयत्ता, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीचं शिक्षण, पूर्ण असावं लागतं. ते नसेल तरी दार बंद होत नाही. विद्यापीठाचाच प्रिलिमिनरी अभ्यासक्रम आपल्या अकरावीच्या जागी चालतो आणि फाउंडेशन बारावीच्या. शाळा अर्धवट सोडून नोकरीला लागलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. माझ्या मते शाळेतले गुण जेमतेम असतील तर फाउंडेशन करूनच पुढे जावं. ऑकलंडला जाऊन पहिल्याच वर्षी गटांगळ्या खाण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा. पहिलं सत्र फेब्रुवारीत सुरू होतं, दुसरं जुलैत. कागदपत्रं अशी : शाळेची किंवा आधीच्या संस्थेची गुणपत्रकं, उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जन्मदाखला, आणि लग्नानंतर किंवा दत्तकविधानामुळे नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा. झेरॉक्स साक्षांकित हवी. फी सरकार किंवा नोकरी देणारं खातं भरणार असेल तर त्यांचं हमीपत्र आधीच हातात ठेवावं.

जन्मदाखल्याकडे दुर्लक्ष करू नका. यूएसपीची कमी फी सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असते आणि न्यूझीलंड त्या बारांत नाही. नियुएच्या माणसाचा पासपोर्ट मात्र न्यूझीलंडचा! नुसता पासपोर्ट जोडला तर अर्ज तपासणाऱ्याला समोरचा नियुएचा की वेलिंग्टनचा हे कळायला मार्ग नाही. म्हणून नियुएशी नातं दाखवणारा दाखला सोबत हवाच.

पूर्णवेळ विद्यार्थी सत्राला चार विषय घेतो. पदवी कुठलीही असो, काही विषय सर्वांना सक्तीचे : यूयू १०० संवाद आणि माहिती-साक्षरतेचा, यूयू ११४ अभ्यासापुरत्या इंग्रजीचा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने एका सत्रात दोनच विषय घेतलेले बरे. विषय निवडताना तो कोणत्या पद्धतीने शिकवला जातो ते जरूर पाहा. पूर्ण ऑनलाइन असेल तर आलोफीत बसून होतो, फक्त समोरासमोर असेल तर सुव्याची तयारी हवी, आणि तिथे राहून शिकायला फिजीचा विद्यार्थी परवाना वेगळा काढावा लागतो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट : तारीख. नियुए आणि फिजी यांच्यामधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. नियुए फिजीच्या २३ तास मागे आहे. सुव्यात 'शुक्रवारी रात्री ११:५९ पर्यंत' अशी मुदत असेल, तर आलोफीच्या घड्याळात ती शुक्रवारी पहाटे १२:५९ ला संपते. म्हणजे काम गुरुवारी रात्रीच उरकायला हवं. अर्जाची शेवटची तारीख असो, फी भरणं असो की निबंध अपलोड करणं, फिजीची तारीख दिसली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवस अलीकडे खूण करावी. ऑनलाइन तासांचंही तेच. सुव्यातला सोमवार सकाळचा तास नियुएत रविवारी सकाळी येतो, नेमका चर्चच्या वेळेला.

दुसरी वाट : न्यूझीलंड

इथे नियुएचा विद्यार्थी परदेशी नाही, देशी धरला जातो. व्हिसा नको, फीही देशी दराने. शाळेत एनसीईए, म्हणजे न्यूझीलंडची शालेय प्रमाणपत्र परीक्षा, झाली असेल तर विद्यापीठ-प्रवेशाची पात्रता अशी : तिसरी पातळी पूर्ण, तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट, शिवाय साक्षरतेचे १० आणि अंकगणिताचे १०. साक्षरतेच्या दहांत वाचनाचे पाच आणि लेखनाचे पाच असे दोन्ही लागतात. बेरीज दहा झाली पण लेखनाचे चारच, तर चालत नाही.

पैशांसाठी स्टडीलिंककडे, म्हणजे विद्यार्थ्यांना कर्ज आणि भत्ता देणाऱ्या न्यूझीलंडच्या सरकारी खात्याकडे, वेगळा अर्ज करायचा. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे तो आपोआप झाला असं नव्हे. त्याला ओळखीचा पुरावा, न्यूझीलंडचा आयआरडी क्रमांक (कर खात्याचा, आपल्या पॅनसारखा) आणि बँक खातं लागतं. भत्ता हवा असेल आणि वय २४ च्या आत असेल, तर आईवडिलांच्या उत्पन्नाची कागदपत्रंही. ती आईवडिलांकडून येणार, आणि आईवडील असणार बेटावर, त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीच गोळा करून ठेवा. कर्ज न्यूझीलंडमध्ये मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांसाठी असतं. ते काढून घरबसल्या यूएसपी करता येत नाही. फी-माफीची योजना २०२५ पासून पहिल्या वर्षाऐवजी शेवटच्या वर्षाला लागू झाली. मर्यादा १२,००० न्यूझीलंड डॉलर, आणि पैसे अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मिळतात, त्यामुळे पहिल्या वर्षाची तजवीज स्वतःच करावी लागते.

मराठी वाचकांसाठी

ऑकलंडमध्ये स्थायिक होऊन न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबातल्या मुलांना दुसऱ्या वाटेचे बहुतेक नियम जसेच्या तसे लागू पडतात. यूएसपीची सवलतीची फी मात्र त्यांना नाही. भारतीय पासपोर्टवर यूएसपीला जायचं तर आंतरराष्ट्रीय फी भरावी लागते, आणि ती पदवी पुढे भारतात नोकरीसाठी किंवा एमए-एमएस्सीसाठी दाखवायची असेल तर यूजीसीच्या समकक्षतेच्या नियमांत ती, विशेषतः ऑनलाइन घेतलेली, बसते का, हे पहिला हप्ता भरण्याआधी तपासून घ्या.