व्हॉयेजरचे फोटो: फितीपासून डाउनलोडपर्यंत

८ मार्च १९७९. गुरूला मागे टाकून निघालेल्या नासाच्या व्हॉयेजर १ या यानाने सुमारे ४५ लाख किलोमीटरवरून आयो या चंद्राचा एक फोटो घेतला. हेतू शास्त्रीय नव्हताच. मागचे तारे दिसावेत आणि यानाची जागा नेमकी ठरवता यावी, म्हणून मुद्दाम जास्त प्रकाश घेतलेला, चंद्र पार पांढरा पडलेला फोटो. दुसऱ्या दिवशी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत अभियंता लिंडा मोराबिटो यांनी तारे शोधायला त्याचा उजळपणा वाढवला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग उभा! पृथ्वीबाहेर धुमसणारा ज्वालामुखी माणसाने प्रथम पाहिला तो असा.

कुठला फोटो निकामी, हे काढताना कुणालाच कळत नाही, म्हणून सगळेच जपावे लागतात. नासाचा ग्रहांच्या फोटोंचा आणि माहितीचा संग्रह एवढा अवाढव्य आणि नवख्याला एवढा किचकट का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तेव्हा हे सगळं चुंबकीय फितींवर असे. फिती जुन्या होत, त्या वाचणारी यंत्रंही मोडीत निघत. ज्यांनी मोहीम चालवली ती माणसं पांगली, की कुठल्या फितीत काय आहे हे सांगायला कुणी उरत नसे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने अवकाशातून आलेल्या माहितीच्या या आबाळीवर बोट ठेवलं. त्यातून पुढे ग्रह-मोहिमांची माहिती जपणारी ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ म्हणजे पीडीएस ही नासाची यंत्रणा उभी राहिली. व्हॉयेजरच्या प्रतिमा आधी सीडी-रॉमवर आल्या, मग इंटरनेटवर. नियम एकच, पण कडक: प्रत्येक प्रतिमेला लेबल हवं. यान कुठलं, कॅमेरा कुठला, फिल्टर कुठला, वेळ काय, सगळं त्यात. (आपल्या इस्रोने चांद्रयान-२ ची माहिती खुली केली तीही पीडीएसच्याच साच्यात.)

आज पीडीएसचा वलयं आणि चंद्रांचा विभाग सेटी इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतली संशोधन संस्था सांभाळते. तिथलं ‘ओपस’ हे शोधयंत्र उघडून ग्रह आणि यान निवडलं की प्रतिमा समोर येतात. पहिली कच्ची प्रतिमा उघडल्यावर मात्र हिरमोड ठरलेला. ८०० बाय ८०० बिंदूंचा करडा चौकोन आणि त्यावर ओळीने काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे खराबी नव्हे. कॅमेऱ्याच्या व्हिडिकॉन नळीत (प्रतिमा टिपणारी जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांसारखी नळी) प्रतिमा थोडी वाकडी होई, ती सरळ करायला खुणा म्हणून ते मुद्दाम कोरलेले. त्यामुळेच एकाच फोटोच्या चार आवृत्त्या मिळतात: कच्ची, ठिपके पुसलेली, उजेड मोजून दुरुस्त केलेली आणि आकार सरळ केलेली. शेवटची १००० बाय १००० ची. घाईत असाल तर तीच घ्या. रंग हवा असेल तर वेगवेगळ्या फिल्टरचे तीन फोटो जुळवावे लागतात, आणि त्यात लाल फिल्टर नाहीच, नारिंगीवर भागवायचं.

फाइलचं नावही गमतीचं. ‘सी’ आणि पुढे सात आकडे, ते यानावरच्या घड्याळाचे. शेवटचे दोन आकडे दर ४८ सेकंदांनी एकाने वाढतात आणि ५९ नंतर पुन्हा शून्यावर येतात.

या ढिगाऱ्यातून पुढे दोन चंद्र निघाले. १९८१ मध्ये व्हॉयेजर २ ने टिपलेल्या शनीच्या फोटोंत मार्क शोवॉल्टर यांना १९९० मध्ये ‘पॅन’ सापडला. वलयातल्या फटीच्या कडा लाटांसारख्या हलल्या होत्या. त्यावरून चंद्र कुठे असायला हवा याचं गणित त्यांनी आधीच मांडलं होतं. युरेनसच्या ‘पर्डिटा’ची कथा जास्त वळणाची. फोटो १९८६ मध्ये व्हॉयेजर २ ने युरेनसजवळून जाताना घेतलेले, एरिक कारकोश्का यांनी शोध लावला १९९९ मध्ये, पण दुसरा पुरावा मिळेना म्हणून २००१ मध्ये तो यादीतून काढला गेला. २००३ मध्ये हबल दुर्बिणीला तो दिसला, तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

त्या १९८६ नंतर युरेनसजवळून एकही यान गेलेलं नाही. जवळून घेतलेले फोटो जे आहेत, ते एवढेच.